ढोमणे सरांच्या सात बोली

ढोमणे सरांच्या गच्चीवर सात कुंड्या आहेत आणि त्या कुंड्यांना नावं आहेत. हर्सो, दोबासे, गोलांगो, गोरोसे, गेरगेरे, गोबेझे आणि दिहिना. हर्सोत कढीपत्ता आहे, गोलांगोत तुळस आहे. गेरगेरेत दर वर्षी मिरची लागते आणि दर वर्षी तिच्यावर माव्याची कीड पडते. कामाला येणारी बिसाहिन बाई गच्चीवरून ओरडून सांगते, "हव सर, गोबेझे ला पानी दे दे हंव!" खालून जाणाऱ्या माणसाला वाटतं, सरांकडे सात पाहुणे उतरलेत आणि त्यातल्या एकाला फारच तहान लागलेली आहे.

ही नावं गव्वाडा नावाच्या भाषेच्या सात बोलींची. गव्वाडा बोलतात कुठे? इथिओपियाच्या नैर्ऋत्येला काही टेकड्या आहेत, त्यांच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांची ज्वारीची शेतं आहेत, तिथे. आणि रायपूरला बूढापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत, एका दुमजली घरात. रायपुरातले एकूण भाषक: एक.

कुंड्या नकाशाप्रमाणे मांडल्या आहेत. कोणती टेकडी कोणत्या टेकडीच्या कोणत्या अंगाला, त्यावर कुंडीची जागा ठरते. ऊन कुठून येतं याला त्यात मत नाही. आम्ही त्याच गल्लीतले. माझी आई एकदा म्हणाली, "सर, तुळशीले तिथं ऊन नाई लागत. जरा इकडे सरकवा."

"वहिनी, गोलांगो तिथंच असते," सर म्हणाले. "मी टेकडी कशी सरकवू?"

हर्सो आणि दोबासे या दोन कुंड्या मात्र बाकीच्यांपासून अर्धा हात दूर आहेत. या दोन बोली खरं तर वेगळी भाषा आहे, असं काही जाणकारांचं म्हणणं. सरांना ते पटत नाही, पण वाद मिटेपर्यंत कुंड्या सरकवायच्या नाहीत, एवढा त्यांचा प्रामाणिकपणा. वाद मिटलेला नाही. कढीपत्ता वाढतो आहे.

सर जन्माने वर्ध्याकडचे. तरुणपणी त्या टेकड्यांच्या पायथ्याच्या गावातल्या सरकारी शाळेत गणित शिकवायला गेले होते. त्या काळी आपल्याकडचे बरेच मास्तर इथिओपियात जात. पाच-सहा वर्षांनी तिकडे राजा गेला, गडबड सुरू झाली, आणि सर बायको मालती आणि लहान मुलीसह परत आले. मग रायपूरच्या एका शाळेत तीस वर्षं गणित. आमच्या पिढीतल्या निम्म्या बूढापाऱ्याने त्यांच्याकडून डस्टर खाल्लेलं आहे. बाकीचे मास्तर चार गावं फिरून आले की चार गावांच्या गोष्टी सांगतात. सरांनी सिंह सांगितला नाही, राजा सांगितला नाही. सांगितल्या त्या सात बोली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "बाजूच्या टेकडीवर वेगळं म्हणतेत." ते कुठेही चालतं. डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला गुडघ्याची झीज आहे, तर सर म्हणाले, "बाजूच्या टेकडीवर वेगळं म्हणतेत," आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. आईने चिवड्यात बडीशेप घातली की हेच वाक्य. आणि राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हाच्या सभेतही हेच. चौकात एक पुढारी माइकवर गरजत होता, "एक राज्य, एक बोली, एक आवाज!" सर पिशवीत दोडके घेऊन चालले होते. ते थांबले. "कौन सी बोली?" त्यांनी खालून विचारलं.

"छत्तीसगढ़ी, बाबूजी!"

"हव, लेकिन किधर की? बिलासपुर तरफ की, कि इधर की? बाजू की टेकडी पे अलग बोलते हैं!"

लोकांना वाटलं, म्हातारा पाठिंबा देतो आहे. टाळ्या पडल्या. एका कार्यकर्त्याने सरांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. सर तो हार घालूनच घरी आले आणि दिहिनाच्या कुंडीला अडकवून ठेवला, कारण दिहिनाला त्या वर्षी फूल आलं नव्हतं.

एवढं सगळं असून सरांच्या तोंडून गव्वाडाचा एक शब्द कुणी ऐकलेला नाही. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हटकून म्हणतंच, "सर, जरा ते तुमचं गव्वाडा बोलून दाखवा ना!"

"कोणाशी?" सर विचारतात.

"आमच्याशी!"

"कॅरम एकट्याने खेळता येत नाई बावा. पावडर टाकून ठेवता येते फक्त."

त्यांची आणखी एक खोड सांगते. ती तेव्हा मला नुसता तऱ्हेवाईकपणा वाटली होती. सरांकडे कुणीही गेलं तरी चहा कपात मिळतो, आणि तोही कोमट, कारण सर तो दोन भांड्यांत वरखाली करून साय मोडतात. पण दर रविवारी पाचला त्यांची मुलगी वंदना दीदी शंकर नगरहून स्कूटरवर येते. ती बँकेत ऑफिसर आहे. तिची आई गेल्यापासून तिने एकही रविवार चुकवलेला नाही. तिला मात्र चहा स्टीलच्या ग्लासात. काठोकाठ. थेट शेगडीवरून. ग्लासला बोट लावणं मुश्कील.

"पापा, कितनी बार बोला, कप में दिया करो ना!"

"कप धुतले नाईत."

मागे खिडकीच्या कठड्यावर सहा धुतलेले कप पालथे घातलेले असायचे. सर मराठीत बोलायचे आणि दीदी हिंदीत उत्तर द्यायची. आमच्याकडे घराघरात असंच चालतं. आईबाप मराठीत विचारतात, मुलं हिंदीत उत्तर देतात, आणि कुणालाच काही वाटत नाही.

मला वाटायचं. मला प्रचंड वाटायचं. आमचे बाबा रेल्वेच्या युनियनमधले. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एखादी गोष्ट चुकीची आहे आणि तिच्यावर पत्रक निघालेलं नाही, हे मला सहन होत नाही. राज्य झालं आणि लगेच जनगणना आली, तेव्हा मी स्वतःचं पहिलं पत्रक काढलं: "मराठी माणसा, मातृभाषेच्या रकान्यात मराठीच लिही!" ब्राह्मणपारा, बूढापारा, शंकर नगर, सगळीकडे दारोदार फिरून वाटलं. त्यात माझं एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान होता: "ज्या घरातलं मूल बापाला परक्या भाषेत उत्तर देतं, त्या बापाने आधी आरशात पाहावं!"

दुसऱ्या दिवशी सरांनी मला हाक मारली. "ए पत्रकवाली! इकडे ये वं."

त्यांनी पत्रक लाल शाईने तपासलं होतं. खाली शेरा होता: "उद्गारचिन्हे चौदा. कारणे शून्य." पहिल्या परिच्छेदाशी "हे गृहीत धरले, सिद्ध केले नाही." दुसऱ्याशी "बाजूच्या टेकडीवर वेगळे म्हणतात." आरशाच्या वाक्याशी मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. पेन बराच वेळ टेकवून ठेवल्यावर कागदात शाई पसरते, तसा एक लाल ठिपका होता फक्त. मला वाटलं, हे वाक्य त्यांना पटलं.

मग जनगणनावाल्या बाई आल्या. साहू मॅडम, प्राथमिक शाळेतल्या. दुर्दैवाने त्या सरांच्याच विद्यार्थिनी. दार उघडल्याबरोबर त्यांचा हात आपोआप मागे गेला, गृहपाठ लपवावा तसा. मी तेव्हा तिथेच होते. सरांच्या रकान्यात मराठी लिहिलं जातं की नाही, हे डोळ्यांनी पाहायचं होतं.

मातृभाषा मराठी लिहिली गेली. मी सुस्कारा सोडला. मग मॅडमने विचारलं, "और कौन सी भाषा आती है सर? दो लिख सकते हैं."

"गव्वाडा. बोली गोलांगो. आणि छत्तीसगढी."

"सर... हिंदी?"

"नहीं लिखना."

"सर, आप मेरे से हिंदी में बात कर रहे हैं."

"यहाँ की हवा में है हिंदी. हवा लिखती है क्या तू कागज़ पे?"

मॅडमने हवा लिहिली नाही. पण गव्वाडा लिहायलाही हात धजेना. त्या वरच्या साहेबांना घेऊन आल्या. साहेब घाईत होते. त्यांच्याजवळ भाषांची यादी होती आणि ग वर बोट ठेवून ते म्हणाले, "अंकल, ये तो लिस्ट में है नहीं. गोंडी लिख देता हूँ, चलेगा?"

सर खुर्चीवरून उठले. निम्म्या बूढापाऱ्याला माहीत असलेलं ते उठणं. "गोंडी बोलणारे आहेत ना बस्तरमध्ये, आपली मोजणी बरोबर व्हावी म्हणून बसलेले? त्यांच्यात मी घुसू? एक माणूस खोटा लिहू?" हे त्यांनी मराठीतच सुनावलं आणि साहेबांना नीट समजलं. गव्वाडा लिहिलं गेलं. स्पेलिंग सरांनी तीनदा तपासलं.

जाता जाता सरांनी मॅडमला विचारलं, "एक बताना बेटा. कोई भाषा आती थी, अब भूल गए, उसका खाना किधर है?"

"ऐसा कॉलम नहीं है सर."

"नहीं है?"

"नहीं सर."

"होना चाहिए था," सर म्हणाले आणि गच्चीवर निघून गेले. मला वाटलं, जिंकल्यावरही वाद वाढवायची ही मास्तरी सवय.

पण मी पेटले होते. एक माणूस, एक भाषा, आणि यादीत नाही! यावर पत्रक निघालं नाही तर पत्रकं असतात कशाला? मी चार दिवसांत पाचशे प्रती छापून घेतल्या, गुलाबी कागदावर: "यादीबाहेरचा माणूस! बूढापाऱ्यात जिवंत आहे गव्वाडा!" खाली एक कोरी चौकट ठेवली. तिथे सरांच्या हातची, गव्वाडा भाषेतली एक घोषणा हवी होती. ती मी शिक्क्याने उठवणार होते. रविवारी चारच्या सुमाराला गठ्ठा घेऊन मी सरांकडे गेले.

"सर, एकच ओळ द्या. 'आमच्या भाषेचा हक्क मिळालाच पाहिजे.'"

"नाई."

"बरं, नुसतं 'हक्क' सांगा."

"नाई माहीत."

"एकजूट? लढा? राज्य?"

"नाई वं पोरी. बकरी आहे. मुंगी आहे. चालेल?"

माझी चेष्टा होते आहे असं वाटून मी चिडले. "सर, सात बोली पाठ आहेत तुम्हाला आणि 'हक्क' माहीत नाही?"

सरांनी कपाट उघडून एक लांबट वही काढली, गणिताची, चौकटींची. "घे. तूच शोध," म्हणाले आणि दूध तापवायला आत गेले.

वहीत रकाने आखलेले होते. शब्द, अर्थ, बोली, कधी. मी 'हक्क' शोधायला बसले. शब्द मी इथे लिहिणार नाही, ते सरांचे आहेत. अर्थ आणि बाकीचं लिहिते.

उचलून घे. गोलांगो. रोज, शाळेतून आल्यावर.

नको. दोबासे. पेज पाहून.

मुंगी. हर्सो. पायरीवर, सकाळी.

अजून एकदा. गोलांगो. गोष्ट संपल्यावर.

इथे दुखतं. गेरगेरे. डावा कान.

आई रडते. गोलांगो. मालतीला वर्ध्याहून पत्र आलं त्या दिवशी.

अख्खी वही अशी. पानामागून पान. भांडण नव्हतं, बाजार नव्हता, देव नव्हता. सर दारात उभे होते, हातात सांडशी.

"सर," मी म्हणाले, "या भाषेत कुणी मोठं माणूसच नाही."

"कसं असेल? पाच वर्षांची होती ती."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. वंदना दीदी दोन महिन्यांची असताना ते तिकडे गेले. बायका तिला पाठीशी बांधून घरोघर फिरवायच्या. शेजारीण गोलांगोची, तिची जाऊ दोबासेहून लग्न होऊन आलेली, पाणी भरणारी गेरगेरेची. ज्या पाठीवर जे ऐकलं ते पोरीने उचललं. "मी मराठीत विचारायचो. सारं समजायचं तिले. उत्तर मात्र तिकडलं. मले कळायचंच नाई काय पाहिजे तिले. मग मी वही घेऊन घरोघर जायचो, का बाई, हा शब्द तुमचा का? त्या हसायच्या. म्हणायच्या, आमचा नाई, बाजूच्या टेकडीवरचा आहे."

मला गुलाबी गठ्ठा मांडीवर जड वाटायला लागला.

"इथं आलो तर गल्लीतली पोट्टी हसायची तिच्यावर. दोन महिन्यांत हिंदी बोलाय लागली. तिसऱ्या महिन्यात मी बकरी दाखवली न् विचारलं, हे काय? तिनं माझ्याकडे कसं पाहिलं सांगू? तुम्ही सारे पाहता ना, तसं."

"मग नंतर कधी..."

"तिले काईच आठवत नाई. तिचं पाच वर्षांचं सारं बोलणं माझ्याजवळ आहे. तिच्याजवळ नाई." ते पुढे आले आणि वहीच्या शेवटच्या पानावर सांडशीचं टोक टेकवलं. "एक राहिला तिच्याजवळ."

चटका बसला की. गोलांगो. चुलीपाशी.

"तिले माहीतच नाई तो शब्द आहे म्हणून. तिले वाटते, सगळेच करतेत तसं आपण हाय-हुय करतो."

मी कठड्यावरच्या पालथ्या कपांकडे पाहिलं. सहाच्या सहा, धुतलेले.

"हे पत्रक वाटू नको," सर म्हणाले. मी त्यांना कधी कुणाकडे काही मागताना ऐकलं नव्हतं. "तिच्या हाती पडलं तर ती खोदून विचारेल, न् मग मुद्दाम म्हणून दाखवेल. बापासाठी. चांगली पोट्टी आहे, नक्की म्हणेल. मुद्दामचं नाई पाहिजे मले."

आता काय सांगू! जे खरं आहे ते छापलंच पाहिजे, यावर माझा जन्म गेला. पाचशे प्रती होत्या, शाई अजून हाताला लागत होती. आणि आरशाचं ते वाक्य मला आठवलं, त्याच्यापाशी पसरलेला लाल ठिपका आठवला. खाली गल्लीत स्कूटर थांबली. मी गठ्ठा सोफ्यावर ठेवला आणि त्याच्यावर बसले.

वंदना दीदी आत आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहून हसली. "क्या रे, अंडा दे रही है क्या? नीचे क्या दबा के बैठी है?"

"कुछ नहीं दीदी. पत्रक है."

तिने हात पुढे केला. "दिखा तो."

"मराठी में है," मी म्हणाले.

"मराठी? फिर रहने दे. दो लाइन में सिर दुखने लगता है मेरा. बीस साल में एक पन्ना नहीं पढ़ा होगा."

मराठी घरातली मुलगी मराठी वाचत नाही, याचं आयुष्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं. हे सगळं मी मराठीत, बिनधास्त लिहिते आहे, तेही त्याच भरवशावर. पाचशे गुलाबी कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर आमच्या गल्लीतली पोरं अजून गणितं सोडवतात. सरांकडेच.

सर आतून ट्रे घेऊन आले. मला कपात कोमट चहा. दीदीला स्टीलचा ग्लास, काठोकाठ, वाफ तिच्या चष्म्यावर चढेल असा. ती बँकेतल्या कुणा साहेबाची नक्कल करून दाखवत होती, त्या नादात तिने ग्लास नेहमीसारखा उचलला.

आणि तिच्या तोंडून ते निघालं. छोटंसं, वर चढत जाणारं, पाच वर्षांच्या मुलीच्या आवाजातलं. मग तिने बोटं कानाच्या पाळीला लावली.

सर गच्चीकडच्या खिडकीकडे तोंड करून उभे होते, कुंड्या पाहत असल्यासारखे. त्यांनी मराठीतच, अगदी हळू विचारलं, "काय म्हणालीस?"

"कुछ नहीं पापा. चाय गरम है."

"हव," सर म्हणाले.